मिस वायलीनचे वेढे

आमच्या रस्त्यावर कुणाचा पीकनच्या दाण्यांचा केक प्रसिद्ध, कुणाचा चर्चमधला वरच्या पट्टीतला आवाज. मिस वायलीन हार्गेटचा डावा अंगठा प्रसिद्ध होता.

सव्वीस वर्षं तिनं हंट्सविलच्या एका कारखान्यात कॉइली गुंडाळल्या. रॉकेटच्या पोटात कुठेतरी जाऊन बसणाऱ्या, अक्रोडाएवढ्या. केसासारखी तांब्याची तार डाव्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या चिमटीतून सरकत जायची आणि बॉबिन फिरताना दर वेढ्याला तिला एक बारीक हिसका बसायचा. तो कानाला ऐकू येत नाही, डोळ्याला दिसत नाही. अंगठ्याला कळतो. मिस वायलीन शेजारणीशी गप्पा मारायची, दुपारच्या जेवणात काय आणलंय ते सांगायची, आणि अंगठा आपला मोजत असायचा.

एकदा मशीनच्या काउंटरनं बाराशे दाखवले आणि ही म्हणाली, "अकराशे अठ्ठ्याण्णव."

"मशीन चुकतं का, बाई?" सुपरवायझर म्हणाला.

"तुम्ही चुकता, मग मशीनला काय झालं?"

त्यानं चिडून कॉइल उलगडायला लावली. दोन मुली बसून एकेक वेढा मोजत होत्या. अकराशे अठ्ठ्याण्णव भरले. त्यानंतर तो काउंटरकडे बघायचा नाही. तिच्या टेबलाशी येऊन विचारायचा, "अंगठा काय म्हणतोय?"

मी तिच्या समोरच्या घरात राहते. तिला गाडी चालवता येत नाही, म्हणून जानेवारीत तिला डॉक्टरकडे मीच नेलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं तिला मान वळवून खिडकीबाहेर बघायला सांगितलं.

"टोचतंय का, मॅम?"

"कधी टोचणार आहात?"

"टोचून झालं, मॅम. तीनदा."

मनगटातली नस दबली होती, आणि फार वर्षांपासून दबत आली होती. ऑपरेशन करता येईल, पण अंगठ्यातलं कळणं परत येईल असं सांगता येत नाही, असं तो म्हणाला. मिस वायलीननं मान हलवली, पर्स उचलली, पर्सचा पट्टा हातात नीट बसलाय का हे डोळ्यांनी बघून घेतलं.

गाडीत तिनं पर्स मांडीवर घेतली, पट्टा पुन्हा एकदा बघितला. मग म्हणाली, "डॉइलला सांगू नकोस, पोरी."

"का?"

"अजून एक कॉइल राहिलीय."

डॉइल तिचा नवरा; आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानानं मिसच म्हणतात. तोही रॉकेटवाला, टेक्निशियन. एकोणसत्तर साली त्याच्या साहेबानं वर्षाच्या शेऱ्यात लिहिलं होतं, 'हार्गेटमध्ये पोटेन्शियल आहे.' पुढच्या वर्षी माणसं चंद्रावर जाऊन आली होती, काम उरलं नव्हतं, आणि हजारो लोकांबरोबर डॉइललाही घरी पाठवलं. तो शेऱ्याचा कागद फ्रिजवर चुंबकानं लावलेला होता. पिवळा पडला तरी तिथेच. मिस वायलीन म्हणायची, "पोटेन्शियल म्हणजे काय माहितेय? अजून झालं नाही ते."

त्यानंतर डॉइलनं टीव्ही दुरुस्त केले. आणि गॅरेजमध्ये गुरुत्वाकर्षण.

ते काय होतं, हे तो प्रत्येक नव्या माणसाला गॅरेजच्या दारावर करून दाखवायचा. दर शनिवारी सकाळी त्याचे दोन दोस्त यायचे. एक थर्मन पिकन्स, घरच्या रेडिओ-यंत्रावरून दूरदूरच्या लोकांशी गप्पा मारणारा हौशी रेडिओवाला, बोलायला लागला की थांबायचा नाही. दुसरे ब्रदर एस्टिस, आमच्या चर्चचे निवृत्त डीकन.

"थर्मन, तू इकडून ढकल. ब्रदर, तुम्ही तिकडून. जोर लावा! हललं का दार?"

"नाही."

"म्हणजे कुणी ढकलत नाहीय?"

"आमचा घाम निघतोय इथे!" थर्मन ओरडायचा.

"तेच! शून्य दोन जातींचं असतं. एक रिकामं आणि एक भरलेलं. हे भरलेलं."

त्याच्या कॉइलीत आठशे वेढे उजवीकडे आणि त्यावरच आठशे वेढे डावीकडे. वीज सोडली की दोन्हींची चुंबकशक्ती एकमेकींना मारते, होकायंत्राची सुई हलत नाही, सगळ्यांना वाटतं काहीच नाही. पण पोटेन्शियल उरतं, डॉइल म्हणायचा. ते कुठे जाणार? ते गुरुत्वाकर्षणावर जाऊन रेलतं. आणि वस्तू हलकी होते. असं मानणारे लोक तेव्हा बरेच होते. पत्रकं काढायचे, वर्षातून एकदा कुठल्यातरी मोटेलात जमायचे. त्याचे जुने साहेब हसायचे. पण एक गोष्ट त्याच्या म्हणण्यातून सरळ निघत होती. दोन्हीकडचे वेढे अगदी सारखे हवेत. एक जरी कमीजास्त झाला, तरी शून्य भरलेलं राहत नाही आणि प्रयोग धरायचा नाही. असला अंगठा एकाच घरात होता.

आणि एकदा वस्तू हलकी झाली होती. गॅरेजच्या भिंतीवर फळी होती, तिच्यावर सुताराच्या जाड पेन्सिलीनं लिहिलेलं: '१४ मार्च १९८७. पाव औंस.' खाली तिघांच्या सह्या. पाव औंस म्हणजे दीड चमचा साखर. बियाण्याच्या दुकानातून आणलेल्या जुन्या तराजूवर, तिघांच्या डोळ्यांसमोर, काटा तेवढा सरकला होता. मिस वायलीनची सही नव्हती. ती गार चहा आणायला घरात गेली होती.

त्यानंतर सतरा वर्षं काटा हलला नाही. तिनं दोनशे बारा कॉइली गुंडाळल्या.

या वर्षी डॉइलचं हृदय थकलं. पाय सुजून बुटात जाईनात. नजरेच्या मधोमध काळा डाग होता, त्याला कडेकडेनं दिसायचं. समोर बसलेल्या माणसाशी बोलताना तो त्याच्या कानाकडे बघायचा. हॉस्पिटलनं घरी पाठवताना तो उन्हाळा बघेल असं म्हटलं नव्हतं. तो तिला म्हणाला होता, "वायलीन, एकच. सत्त्याऐंशीसारखी. अगदी तशीच गुंडाळ."

हे तिनं मला तिच्या स्वयंपाकघरात सांगितलं. आम्ही वाटाणे सोलत होतो. ती शेंग डोळ्यांजवळ धरून सोलत होती, कारण नख कुठे लागलंय ते तिला कळत नव्हतं.

"तशीच म्हणजे कशी, हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "आणि कुणालाच नाही."

"म्हणजे?"

"त्या दिवशी कॉइलीपासून बॅटरीपर्यंत जाणारी मऊ तार संपली होती. मी जाड, ताठ तार लावली. एकसंध तांब्याची. चार वर्षांनी इथेच, या टेबलावर, तशीच एक तार गरम झाली आणि माझ्यासमोर कमान करून उठली. जांभई देत उठावं तशी. तेव्हा कळलं. त्या दिवशी काही हलकं झालं नव्हतं गं. त्या तारा गरम होऊन लांब झाल्या आणि त्यांनी पारड्याला खालून टेकू दिला."

"त्यांना सांगितलं नाहीस?"

"त्या फळीखाली बसून तो हसत होता तेव्हा. सत्तर सालापासून हसला नव्हता." तिनं एक दाणा जमिनीवर सांडला, वाकून शोधला. "आणि मी पुढे दर कॉइलीला मऊच तार लावली. इतकी वर्षं. खोटं करवेना. म्हणजे त्याचं न होणं माझ्याच हातून होत होतं, नाही का?"

"मग आता?"

"आता ताठ लावणार आहे."

तिचा आवाज बदलला नाही. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं म्हणाली.

फेब्रुवारीत तिनं दोनशे तेरावी कॉइल गुंडाळली. गॅरेजमधल्या गुंडाळायच्या यंत्राचा काउंटर केव्हाच अडकून बसला होता. अंगठा असताना तो कोण दुरुस्त करणार? मी चहा घेऊन गेले, तर ती बॉबिनकडे डोळे फाडून बघत होती.

"किती झाले?" मी विचारलं.

"आठशे," ती म्हणाली. मग बॉबिन उलटी लावली, पुन्हा सुरू केली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "आठशे." मी चहा तिच्या उजव्या हातात दिला.

पुढच्या शनिवारी दहाला सगळे जमले. डॉइल घडीच्या खुर्चीत, पायांखाली दुधाचा क्रेट. थर्मननं सगळ्यांसाठी सॉसेज भरलेले मऊ पाव आणले होते आणि अर्धे स्वतःच खाल्ले होते.

"मिस वायलीन, आज उडवायचं ना मग?" तो म्हणाला. "छपराला भोक पाडून ठेवू का?"

"तुझं तोंड बंद झालं तरी छप्पर हलकं होईल," मिस वायलीन म्हणाली.

ब्रदर एस्टिसनी छोटी प्रार्थना केली. डॉइल म्हणाला, "माझ्याकडे द्या तिला आधी." कॉइल त्याच्या मांडीवर ठेवली. तो तिच्यावरून बोटं फिरवू लागला. त्याला डोळ्यांनी दिसत नव्हतं ते बोटांना दिसत होतं.

"छान घट्ट आहे," तो म्हणाला. "वा."

मिस वायलीन तराजूजवळ उभी होती. तिनं डावा अंगठा उजव्या मुठीत धरला होता.

डॉइलची बोटं कॉइलीवरून खाली उतरली, बाहेर येणाऱ्या तारेवर आली आणि थांबली. त्यानं तार वाकवली, सोडली. ती परत सरळ झाली. त्यानं पुन्हा वाकवली.

"ही कुठली तार?"

"तारच आहे," मिस वायलीन म्हणाली.

"वायलीन. ही ताठ आहे."

"अरे, ताठ तर ताठ," थर्मन म्हणाला. "विजेला काय, ती काय मऊ गादी शोधते?"

"गरम झाली की ही लांब होते. लांब झाली की टेकू देते." डॉइल शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगत होता. "सत्त्याऐंशीला दिला होता तसा."

थर्मननं हातातला पाव खाली ठेवला.

"सत्त्याऐंशीला काय दिला होता?" ब्रदर एस्टिसनी विचारलं.

"टेकू, ब्रदर."

"माझी सही आहे त्याच्याखाली!"

"माझीपण आहे."

मिस वायलीन म्हणाली, "तुला कधी कळलं?"

"त्याच आठवड्यात. मंगळवारी. ते ताठ तारेचं रीळ मीच फेकलं. तुला काय वाटलं, कुठे गेलं?"

"मला वाटलं संपलं."

"आणि फळी?" थर्मन उभा राहिला होता. "फळी का नाही पुसलीस? मी सतरा वर्षं लोकांना सांगतोय! माणसा, मी टेक्ससला सांगितलं! कॅनडाला सांगितलं!"

"तू रविवारीच ओरेगनपर्यंत सांगून मोकळा झाला होतास. मी मंगळवारी काय करू? तुझ्या मागे पळू?" डॉइलला धाप लागली. तो थोडा थांबला. "आणि मला वाटलं, पुढची कॉइल खरंच उचलेल. मग फळीही खरी होईल. पहिलं चुकीचं निघालं म्हणून दुसरंही चुकीचंच, असं कुठे आहे?"

मिस वायलीन उलट्या बादलीवर बसली. नंतर तिनं मला सांगितलं, "मला राग यायला हवा होता ना गं? मी बसून वाट बघत होते. म्हटलं, आता येईल. आलाच नाही. कुणीतरी टोचत होतं आणि मी विचारत होते, कधी टोचणार आहात."

"थर्मन," डॉइल म्हणाला, "वरच्या खणात मऊ तार आहे. कथलाचा डाग लावून जोडून दे. रडत रडत लाव हवं तर, पण लाव."

थर्मन नाक ओढत खरंच डाग लावायला बसला. पंधरा मिनिटं गेली. कॉइल पारड्यात ठेवली. मऊ तारा दोरीसारख्या लोंबत होत्या, त्यांना कशालाच टेकू देता आला नसता. ब्रदर एस्टिसनी वजनं लावून काटा मध्यावर आणला. डॉइलनं खटका स्वतःच्या हातानं दाबला.

कॉइलीनं बारीक आवाज धरला. आम्ही सगळे काट्याकडे बघत होतो. डॉइल आमच्याकडे बघत होता, प्रत्येकाच्या कानाजवळ कुठेतरी.

"हललं?"

थर्मनचं तोंड उघडलं. त्याचे डोळे भरले होते आणि तो काय म्हणणार आहे हे आम्हा सगळ्यांना कळलं होतं. ब्रदर एस्टिस आपल्या बुटांकडे बघायला लागले. ते अडवणार नव्हते. डॉइलला काटा दिसत नव्हता. एका शब्दाचं काम होतं.

"मला वाटतं, थोडंसं..." थर्मन म्हणाला.

"नाही," मिस वायलीन म्हणाली.

"जरासुद्धा?"

"नाही, डॉइल. काटा शून्यावर आहे."

त्यानं मान हलवली. खटका बंद केला. आवाज थांबला. मग म्हणाला, "कुठल्या शून्यावर?"

"ते मला नको विचारूस. आणि वेढेही विचारू नकोस."

"का? आठशे-आठशे ना?"

"पहिले चारशे डोळ्यांनी मोजले, त्यापुढे मला काही कळलं नाही. अंगठा मेलाय. जानेवारीपासून. तोंडानं म्हटलं आठशे."

डॉइलनं हात पुढे केला. ती उठून जवळ गेली. त्यानं तिचा अंगठा धरला, नखानं दाबला, जोरात.

"हे?"

"काय हे?"

तो अंगठा धरून बसून राहिला. मग हळूहळू त्याचा चेहरा बदलला. आधी वाटलं, रडतोय. पण तो आतल्या आत काहीतरी मोजत होता.

"म्हणजे दोन्हीकडे सारखे नाहीत."

"नसतीलच."

"म्हणजे शून्य भरलेलं नव्हतंच! म्हणजे आजचा प्रयोग धरायचा नाही!"

"हे देवा," ब्रदर एस्टिस म्हणाले. ते हसायला लागले. थर्मनही डोळे पुसत हसला. मिस वायलीन हसली नाही. तिनं विचारलं, "मग?"

"मग काय, पुन्हा गुंडाळायची."

"कुठल्या अंगठ्यानं?"

"माझ्या."

त्या सोमवारपासून ते दोघं रोज जेवणानंतर गॅरेजमध्ये बसायचे. ती यंत्र फिरवायची आणि तार वेड्यावाकड्या जागी जात नाही ना ते डोळ्यांनी बघायची. तार त्याच्या चिमटीत. तो मोजायचा. मला माझ्या ओट्यावरून ऐकू यायचं. कधी त्याचा आवाज बंद पडायचा.

"डॉइल. किती?"

"दोनशे अकरा."

"दोनशे अकरा मघाशीच झाले. तू झोपलास."

"मी नाही झोपलो. अंगठा जागा होता."

"मग सांग ना, किती?"

"उलगड दहा."

ती दहा उलगडायची. कधी वीस. त्याच्यानं एका दुपारी पन्नासच्या वर होत नव्हते. एकदा मी ताकात कुस्करलेला मक्याचा पाव घेऊन गेले, तर तो नुसताच डोळे मिटून बसला होता आणि ती हँडल धरून थांबली होती. "श्श," ती म्हणाली. "शेवटचा आकडा लक्षात ठेवतेय." पहिले आठशे भरायला महिना लागला. मग बॉबिन उलटी लागली. थर्मन शनिवारी यायचा, पण रेडिओवर काय सांगतो ते त्यानं आम्हाला सांगितलं नाही. फळी भिंतीवर तशीच होती. तिला कुणी हात लावला नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, गुरुवारी, दुपारी तीनच्या सुमाराला मिस वायलीन रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. अंगात एप्रन, डोळ्यांवर गॅरेजमधला चष्मा. दार उघडंच होतं, तरी तिनं वाजवलं.

"पोरी, पेन आहे का? सहाशे सेहेचाळीस लिहून ठेव कुठेतरी."

मी कॅलेंडरकडे वळले. "सहाशे सेहेचाळीस. आणि?"

"दुसऱ्या बाजूचे. आधीचे आठशे पूर्ण आहेत, तेही लिही."

"लिहिलं."

"दाखव." तिनं जवळ येऊन आकडे वाचले. "हं. डॉइल गेला."

मी पेन तसंच हातात धरून उभी राहिले.

"आधी सांगितलं असतं तर विसरले असते," ती म्हणाली. "चल. फोन कुणाकुणाला करायचे ते तूच कर. मला बटणं कळत नाहीत."

आम्ही गॅरेजमध्ये गेलो. तो खुर्चीत होता, पाय क्रेटवर, मान जरा बाजूला, नेहमीसारखी. हात तिनं त्याच्या मांडीवर नीट ठेवले होते. तार मात्र बॉबिनपासून रिळापर्यंत ताणलेलीच होती. वेढे सैल पडू नयेत म्हणून, त्याची चिमटी जिथे होती तिथे, तिनं कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावला होता.